घागांच्या दोन काचपट्ट्या

डॉ. फरीदा मुकादम यांनी तपासणीचा निकाल मृत कामगारांच्या घरच्यांच्या समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं कबूल केलं होतं. पण बैठकीच्या दोन दिवस आधी त्यांनी वैजयंती घागला फोन केला आणि अलिबागच्या प्रयोगशाळेत एकटीला बोलावलं. वैजयंती पोस्टातली अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. निकाल आपल्या बाजूने लागला असणार आणि सचिव म्हणून आपल्याला आधी सांगत असणार, असंच तिला वाटत होतं.

टेबलावर लाकडी खोक्यात तेरा काचपट्ट्या ओळीने उभ्या होत्या. आंबेतळ्याच्या रंगाच्या कारखान्यात काम केलेले आणि रक्ताच्या कर्करोगाने गेलेले तेरा कामगार. त्यांच्या हाडांतल्या मज्जेचा एकेक थेंब त्या त्या वेळी मुंबईच्या रुग्णालयात काचेवर पसरून ठेवला होता. त्यातला सगळ्यात जुना थेंब वैजयंतीच्या वडिलांचा, दत्ताराम घागांचा होता. २००९ सालचा. त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "पाणी घेणार?"

"निकाल सांगा ना आधी."

"अकरा जणांच्या पेशींवर सॉल्व्हंटची खूण आहे. अगदी स्पष्ट. कोणी वाद घालू शकणार नाही."

वैजयंतीचे डोळे भरून आले. बावीस वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती. मग तिच्या लक्षात आलं.

"अकरा?"

डॉक्टरांनी खोक्यातून दोन काचपट्ट्या बाहेर काढल्या आणि वेगळ्या ठेवल्या. त्यांवरचे कागद जुने झाले होते, पण अक्षर वाचता येत होतं. द. घाग. म. घाग.

"यांच्यावर नाही," डॉक्टर म्हणाल्या.

अशा खुणा वाचणारं यंत्र आलं तेव्हा त्याला सरकारने क्षतवाचक असं नाव दिलं होतं. लोक नुसतं वाचक म्हणत. कल्पना समजायला अवघड नव्हती. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांची एक लांबलचक पोथी असते, तीन अब्ज अक्षरांची. आयुष्यभर तिच्यात चुका होत राहतात. उन्हाने होतात, तंबाखूने होतात, नुसत्या वयानेही होतात. पण प्रत्येक कारणाची मोडतोड करायची रीत वेगळी असते. एक ठरावीक अक्षर ठरावीक शेजाऱ्यांमध्ये असेल तरच बदलेल, दुसरं कारण सलग तुकडाच उडवून देईल. कागद उंदराने कुरतडला की वाळवीने खाल्ला, हे जसं कडांवरून कळतं, तसंच हे. रंग पातळ करायच्या द्रवातली वाफ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर ती मज्जेच्या पेशींवर आपली रीत सोडून जाते. पूर्वी ती रीत इतर खुणांच्या गर्दीत हरवून जायची. वाचक ती गर्दीतून वेगळी काढत होता, आणि त्याला काचेवर सुकलेला जुना थेंबही पुरत होता.

"पण बाबा सव्वीस वर्षं मिक्सिंगमध्ये होते," वैजयंती म्हणाली. "घरी आले की त्यांच्या अंगाला थिनरचा वास यायचा. आई कपडे वेगळे धुवायची. दादा तिथेच होता, दहा वर्षं."

"वास त्यांनी घेतला, त्यात शंका नाही. काहींचं शरीर ते विष निभावून नेतं. दोघांच्या पेशींवर त्याचे थोडे ओरखडे आहेत, पण आजार होण्याइतके नाहीत. आजार दुसऱ्याच वाटेने आलाय. दोघांच्याही प्रत्येक पेशीत, निरोगी पेशीतसुद्धा, एकच जनुक एकाच जागी तुटलेलं आहे. म्हणजे ते जन्मापासूनचं आहे. तुमच्या वडिलांना ते त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं आणि त्यांच्याकडून तुमच्या भावाला."

"रक्ताचा कर्करोग घराण्यात चालत नाही. तुम्हीच आम्हाला पहिल्या बैठकीत सांगितलं होतं."

"सहसा नाही चालत. शंभरातल्या नव्वदाहून जास्त घरांत नाहीच. काही थोडी घरं असतात." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं आहे."

वैजयंती त्या दोन काचांकडे बघत राहिली. तिला आठवत होता तो २००९ चा सप्टेंबर. बाबा जाऊन महिना झाला होता. कारखान्याने वारसाला नोकरी देऊ केली होती. थोरला महेंद्र ती घ्यायला तयार नव्हता, त्याला जहाजावर जायचं होतं. वैजयंती तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि घरात सगळ्यांत जास्त शिकलेली. ती त्याला म्हणाली होती, "दादा, तू गेलास तर आईने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" अर्ज तिनेच भरला, त्याने नुसती सही केली. दहा वर्षांनी महेंद्रलाही तोच आजार झाला आणि चौतिसाव्या वर्षी तो गेला. तेराव्याच्या दिवशी, पाहुणे जेवत असताना, धाकटा जयेंद्र स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "दादाला तू मारलंस, ताई. तू पाठवलंस तिथे." त्यानंतर तो संगमनेरला निघून गेला, तिथे शाळेत भूगोल शिकवायला लागला, आणि तिच्याशी पुन्हा बोलला नाही. आई गेली तेव्हा आला होता. तेव्हाही नाही.

त्याच वर्षी वैजयंतीने मेलेल्या कामगारांची घरं शोधायला सुरुवात केली होती. तिला लग्न सुचलं नाही, दुसरं काहीच सुचलं नाही. समिती म्हणजेच तिचं घर झालं.

"म्हणजे कारखान्यात गेला नसता, तरी दादा..." तिला वाक्य पूर्ण करता येईना.

"हो. जहाजावर गेला असता तरी."

डॉक्टरांना वाटलं होतं, हे ऐकून तिला मोकळं वाटेल. पण तसं झालं नाही. बावीस वर्षं वाहिलेला गुन्हा तिच्यावरून उतरला होता, आणि त्याच्याखाली दुसरं काही उरलंच नव्हतं.

"तुमचंही रक्त घेऊ का?" डॉक्टरांनी विचारलं. "प्रत्येक मुलाला ते जनुक येण्याची शक्यता निम्मी असते. आलं म्हणजे आजार झालाच असं नाही. पण ज्यांच्यात आहे त्यांनी दरवर्षी रक्त दाखवायचं. बिघडलेल्या पेशी मूठभर असतानाच सापडल्या, तर आता आपण त्यांना आवरू शकतो. उशीर झाला तर मज्जा बदलावी लागते. आणि ती देणारा माणूस शक्यतो घरातलाच, पण हे तुटलेलं जनुक नसलेला लागतो, नाहीतर तीच तुटलेली मज्जा पुन्हा द्यायची."

वैजयंतीने हात पुढे केला. तासाभराने निकाल आला. तिच्यात ते नव्हतं.

"तुमच्या घरात अजून कोण आहे?"

"धाकटा भाऊ. एकोणपन्नास वर्षांचा. त्याला एक मुलगी आहे."

"त्यांना सांगायला हवं."

"हो," वैजयंती म्हणाली. "ते मलाच सांगावं लागणार."

बाळकृष्ण मांडवकर समितीचे अध्यक्ष होते. वय बहात्तर. त्यांचा मुलगा त्या अकरांतला एक. वैजयंतीला ते पहिल्यापासून 'बाळ' म्हणायचे, आणि दर गणपतीला तिचं जेवण त्यांच्याकडेच असायचं. तिने त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"बाळ, ही दोन नावं आपण मागे घेऊ," ते म्हणाले. "कोणाला काही सांगायचं नाही. म्हणायचं, काचा फुटल्या, खराब झाल्या."

"काका, तपासलेल्या सगळ्या काचा हजर केल्यात असं आयोगाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सही माझी असते."

"मग कर की सही! तेरा होत्या की अकरा, कोण मोजायला येतंय?"

"डॉक्टरांकडे नोंद आहे."

"त्या काही बोलायच्या नाहीत. तू विचार कर. कंपनीचे वकील काय म्हणतील? हा लढा ज्या घराने उभा केला, त्याच घराचा आजार रक्तातला निघाला. मग बाकीच्यांचाही तसाच असेल. माझ्या संदीपचं नाव बुडेल त्यात."

"संदीपच्या पेशीवर खूण आहे, काका. ती कोणी पुसू शकत नाही. पण आपण दोन काचा लपवल्या आणि उद्या ते उघड झालं, तर उरलेल्या अकरांवर कोण विश्वास ठेवील? यंत्र आपल्या विरुद्धही बोलतं हे दिसलं, तरच ते आपल्या बाजूने बोललेलं खरं वाटेल."

मांडवकर काका उठले. "तुला पटवता येतं," ते म्हणाले. "तुला नेहमीच पटवता येत होतं." त्या दिवशी त्यांनी तिला चहा घे म्हटलं नाही.

सरकारने नेमलेल्या आयोगासमोर सुनावणी नोव्हेंबरात झाली. कंपनीच्या वकिलाने घागांच्या काचांवर पूर्ण सकाळ घालवली. वैजयंती साक्षीला उभी होती. "म्हणजे गेली बावीस वर्षं आपण चुकीचा आरोप करत होता, बरोबर?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "माझ्या घरापुरता, हो." दालनात मागे कोणीतरी हुंदका दिला. दुपारी डॉ. मुकादम उभ्या राहिल्या आणि त्यांनी अकरांच्या खुणा एकापुढे एक पडद्यावर दाखवल्या, मग शेजारी घागांच्या दोन. फरक शाळेतल्या मुलालाही दिसला असता. आयोगाने निकालात लिहिलं की घागांच्या काचपट्ट्यांमुळेच उरलेला पुरावा निःसंशय ठरतो. अकरा मृत्यूंची जबाबदारी कारखान्यावर आली. तिथे अजून काम करणाऱ्या चारशे जणांची दरवर्षी तपासणी सुरू झाली.

समितीने सत्यनारायण घातला. वैजयंतीला निरोप होता, ती गेलीही. सगळे तिच्याशी नीट बोलले. पण पूर्वी बायका तिला पाहिलं की जागा करून द्यायच्या आणि तिच्या हाताला धरून बसायच्या. त्यांच्यात एक दुःख सारखं होतं. आता त्या तिला 'या मॅडम' म्हणाल्या. एकीने विचारलं, "तुमच्यात ते आनुवंशिक का काय ते निघालं ना?" आणि प्रसादाची वाटी देताना जरा हात लांब करून दिली. आजार स्पर्शाने येत नाही हे तिलाही माहीत होतं. तरी दिली.

पुढच्या महिन्यात बैठकीचा निरोप आला नाही. त्यानंतरही आला नाही. वैजयंती पोस्टात जायची, घरी यायची, एका माणसाचा भात लावायची. इतकी वर्षं तिच्या फोनवर दिवसाला वीस-पंचवीस फोन यायचे. डिसेंबरात एक आठवडा असा गेला की एकही आला नाही. तिने दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच लावून बघितला. तो चालू होता.

जयेंद्रला तिने दोन पत्रं पाठवली होती. उत्तर नव्हतं. जानेवारीत ती संगमनेरला गेली.

दार त्यानेच उघडलं. केस पांढरे झाले होते आणि उभं राहायची ढब हुबेहूब बाबांची होती. तो बाजूला झाला. त्याच्या बायकोने, वृंदाने, पाणी आणून दिलं. आतल्या दारात वीसेक वर्षांची मुलगी उभी होती. ऋजुता. वैजयंतीने तिला आईच्या अंत्यविधीला एकदाच पाहिलं होतं, ती नऊ वर्षांची असताना.

"पत्रं वाचलीस?" वैजयंतीने विचारलं.

"वाचली."

"मग?"

"मग काय?" जयेंद्र खुर्चीच्या कडेवर बसला. "दादा कारखान्यामुळे गेला नाही. म्हणजे तुझ्यामुळे गेला नाही. तेच सांगायला आलीस ना? ठीक आहे. कळलं."

"ते सांगायला नाही आले मी."

"बावीस वर्षं मी रोज तुला शिव्या दिल्यात, ताई. मनातल्या मनात. शिकवताना, जेवताना. त्या सवयीवर मी जगलो. आता तू येऊन म्हणतेस, त्याची गरज नव्हती. मी काय करू या माहितीचं?"

वैजयंतीला त्याचं म्हणणं समजलं. तिच्याही हातातून तेच गेलं होतं. पण तसं ती बोलली नाही.

"जयू, ते तुझ्यातही असू शकतं. निम्मी शक्यता आहे. एकदा रक्त दे. असलंच तर दरवर्षी बघता येतं, लवकर सापडलं तर थांबवता येतं. माझ्यात नाहीये. उद्या मज्जा लागली तर मी देऊ शकते."

"तुझ्यात नाही?"

"नाही."

तो हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "अर्थात," तो म्हणाला. "मला नको आहे कळायला. बाबा बावन्नाव्या वर्षी गेले. मला तीन वर्षं आहेत तेवढी सुखाने जगू दे. सकाळी आरशात बघताना मला तारीख नकोय. आणि या घरात हा विषय पुन्हा नको."

वृंदा स्टँडपर्यंत सोडायला येते म्हणाली. जयेंद्र नको म्हणाला. वैजयंती एकटीच कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभी असताना मागून चपलांचा आवाज आला.

"आत्या." ऋजुता धापा टाकत होती. तिने तो शब्द आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला असावा. "माझ्यात आहे का ते मला कळलं पाहिजे. मला बाबांसारखं नाही जगता येणार."

"तुझ्यात असलं तर..."

"माहितीय. माझ्यात असलं तर बाबांमध्ये आहेच. ते दुसरीकडून येणार कुठून? मी वाचलंय सगळं. त्यांना मी सांगणार नाही. त्यांना नकोय ना. तुम्हीही सांगायचं नाही. कबूल?"

वैजयंतीने आयुष्यात कधी एकही काच लपवली नव्हती. तिने त्या मुलीकडे पाहिलं. वयाच्या एकविसाव्या वर्षी तिने स्वतः दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घेतला होता. ही निदान स्वतःचा घेत होती.

"कबूल," ती म्हणाली.

ऋजुता फेब्रुवारीत आली, दोन दिवस. घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. निकाल ऐकताना तिने वैजयंतीचा हात धरला नाही, मांडीवर स्वतःचेच हात धरून बसली. डॉ. मुकादम यांनी सांगितलं की जनुक आहे, मात्र रक्त आज पूर्ण स्वच्छ आहे, बिघडलेली एकही पेशी नाही. वर्षातून एकदा यायचं, बाकी खा, शिक, लग्न कर, मुलं होऊ दे. त्यांच्यात ते उतरू न देण्याची सोय आता आहे. मग त्यांनी वडिलांबद्दल विचारलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, एकदाही न तपासलेला. "उशीर करू नका," एवढंच म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला वैजयंतीने कुळथाचं पिठलं केलं. ऋजुता दोनदा भात घेऊन जेवली. आजोबा कसे होते, महेंद्रकाका कसा होता, त्याला जहाजावर का जायचं होतं, ती विचारत राहिली. इतक्या वर्षांत महेंद्रबद्दल वैजयंतीला कोणी तो कसा गेला याशिवाय काही विचारलं नव्हतं. ती सांगत राहिली. त्याला पोहता येत नव्हतं, तरी बोटींची नावं पाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ऋजुता गेली. घर पहिल्यापेक्षा मोठं वाटायला लागलं.

पाच दिवसांनी, पोस्टात जेवणाची सुट्टी असताना, फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज ओळखीचा होता.

"ऋजुता तुझ्याकडे आली होती?"

वैजयंतीने डबा बाजूला सारला. "आली होती."

"मला वाटलंच." पलीकडे शाळेच्या मैदानावरचा गोंगाट ऐकू येत होता. "कशी वाटली तुला?"

"गुणी आहे. जेवते छान."

"ताई, ती आल्यापासून माझ्याशी फार चांगली वागतेय. सकाळचा चहा करून देते. काल दोन तास शेजारी बसून मला पृथ्वीच्या पोटात काय काय असतं ते विचारत होती. तिला भूगोलाचा लहानपणापासून कंटाळा आहे. वीस वर्षांची पोर बापाशी इतकं चांगलं कधी वागते?"

वैजयंती काही बोलली नाही. बोललं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं किंवा शब्द मोडावा लागला असता.

"तू सांगू नकोस," जयेंद्र म्हणाला. "तिने तुला बजावलं असणार. तिचं रक्त कसं आहे तेवढं सांग. आज. आत्ता."

"आज स्वच्छ आहे, जयू. एकदम."

त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. घंटा झाली आणि मैदानावरचा गोंगाट थांबला.

"रक्त द्यायला उपाशीपोटी यावं लागतं का?" त्याने विचारलं.

"नाही. खाऊन आलास तरी चालतं."

"मग गुरुवारी येतो. अलिबागला कुठे जायचं मला काही माहीत नाही."

"मी असेन स्टँडवर."

"पोर एकटी वाहतेय ते," तो म्हणाला. पुढे काहीतरी म्हणणार होता, पण तास सुरू झाला होता. त्याने फोन ठेवला.

गुरुवारी वैजयंतीने पूर्ण दिवसाची रजा टाकली आणि आंबेतळ्याहून पहिली गाडी पकडली. संगमनेरची गाडी साडेअकराला लागणार होती. ती नऊ वाजताच जाऊन फलाटासमोरच्या बाकावर बसली, आणि पर्स शेजारी ठेवून एका माणसाची जागा धरली.